नॅनो औषधं आणि कॅन्सर: केमोच्या खिडकीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात केमोथेरपीची औषधं तयार करते. दोन जोड हातमोजे, गाऊन, मास्क आणि समोर काचेचं कपाट, दिवसाचा बराचसा वेळ असाच जातो. उरलेला वेळ खिडकीवर. तिथं अक्कलकोट, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा आणि सीमेपलीकडच्या इंडीपासून आलेली माणसं उभी असतात. हातात फाइल आणि मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ. "ताई, हे नॅनो नॅनो म्हणतात ते आमच्या आईला मिळेल का?" हा प्रश्न आता आठवड्यातून दोन-तीनदा येतो. खिडकीवर दोन मिनिटांत जे सांगून होत नाही ते इथं सविस्तर लिहिलं आहे. औषध कोणतं द्यायचं हे तुमचे डॉक्टर ठरवतील. ते औषध म्हणजे काय, एवढं तुम्हाला कळावं म्हणून हा खटाटोप.

नॅनो म्हणजे नेमकं केवढं?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे वाचून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही, म्हणून मी भाकरीचं उदाहरण देते. आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण ७ ते ८ हजार नॅनोमीटर रुंद असते. ती पेशी ताटाएवढ्या भाकरीइतकी मोठी झाली असं समजा. मग कॅन्सरच्या औषधातला १०० नॅनोमीटरचा कण भोगीच्या भाकरीवर लावलेल्या तिळाएवढा दिसेल. आणि पेशीच्या आतला डीएनएचा धागा, जो फक्त २ नॅनोमीटर जाड असतो, तो त्या भाकरीच्या पिठाच्या बारीक कणाएवढा.

म्हणजे नॅनो कण पेशीपेक्षा खूप लहान, पण औषधाच्या एकट्या रेणूपेक्षा खूप मोठा. सगळी गंमत या मधल्या मापात आहे. पुढचे प्रश्न वाचताना तीळ आणि भाकरी लक्षात ठेवा.

हे सगळं नवीन आहे का? आमच्यावर प्रयोग तर करत नाही ना?

नाही. रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने अणूंच्या पातळीवर वस्तू घडवता येतील असं भाषण केलं ते १९५९ मध्ये. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांना दिसलं की चरबीसारखे काही पदार्थ पाण्यात टाकले की त्यांचे आपोआप पोकळ, सूक्ष्म फुगे बनतात. त्यांनाच लायपोसोम म्हणतात. त्या फुग्यात औषध भरून ते माणसाला देण्याइतपत पक्कं काम व्हायला तीस वर्षं लागली. १९९५ मध्ये अमेरिकेत 'डॉक्सिल' या नावाने पहिल्या नॅनो औषधाला परवानगी मिळाली. त्यात डॉक्सोरुबिसिन नावाचं जुनंच केमोचं औषध लायपोसोममध्ये भरलेलं होतं.

त्याचीच भारतीय आवृत्ती आपल्याकडे अनेक वर्षं वापरात आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने भारतात तयार झालेलं 'लिपोडॉक्स' आयात करायला तात्पुरती परवानगी दिली होती. आपल्या देशात बनलेली व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, तिकडच्या पेशंटला लागली, ही गोष्ट मी नवीन मुलांना शिकवताना आवर्जून सांगते.

साधं लाल औषध आणि 'नॅनोवालं' लाल औषध, दोन्ही लालच. मग फरक काय?

डॉक्सोरुबिसिन लालच असतं, म्हणून सगळे त्याला लाल सलाईन म्हणतात. साधं डॉक्सोरुबिसिन काचेत पाहिलं तर कोकम सरबतासारखं आरपार दिसतं. लायपोसोमचं औषध त्याच रंगाचं असलं तरी किंचित धूसर, त्यात थेंबभर दूध पडल्यासारखं. ती धूसरता त्या कोट्यवधी फुग्यांची. मला तर ते उजेडात धरून बघायला आजही आवडतं.

आता काम कसं चालतं ते. साधं डॉक्सोरुबिसिन शिरेत गेलं की काही मिनिटांत शरीरभर पसरतं. गाठीत जातं, तसंच केसांच्या मुळात, तोंडाच्या आतल्या त्वचेत आणि हृदयाच्या स्नायूतही जातं. हृदयावरचा परिणाम सगळ्यात चिंतेचा, कारण तो साठत जातो. म्हणून या औषधाच्या आयुष्यभराच्या एकूण डोसला मर्यादा असते. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलीग्रॅमच्या पुढे डॉक्टर जात नाहीत. त्यासाठीच मध्ये मध्ये टू-डी इको करायला सांगतात. "गाठ स्तनात आणि तपासणी हृदयाची का?" असं विचारणाऱ्यांना त्याचं उत्तर इथं मिळेल.

लायपोसोममध्ये कोंडलेलं औषध मात्र लगेच सुटत नाही. ते रक्तात दोन-दोन, तीन-तीन दिवस फिरत राहतं. हृदयातल्या केशवाहिन्यांची वीण घट्ट असते, तिथून हा तिळाएवढा फुगा बाहेर पडू शकत नाही. गाठीचं तसं नसतं. कॅन्सरची गाठ घाईघाईने वाढते, तिच्या रक्तवाहिन्याही घाईत विणलेल्या. आपल्याकडे सैल विणीच्या चादरीला हात लावताच ओळखतात, तसं समजा. त्या सैल विणीतून फुगे गाठीत झिरपतात आणि निचरा नीट नसल्याने तिथं रेंगाळतात. जपानचे हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी १९८६ मध्ये हे दाखवून दिलं.

म्हणजे औषध थेट गाठीवरच जातं ना?

नाही, आणि या एका गैरसमजामुळे फार निराशा पदरी येते. बातम्यांत "कॅन्सरवर अचूक मारा" असं लिहितात आणि घरच्यांना वाटतं की आता बाकी शरीराला काहीच होणार नाही. २०१६ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. टोचलेल्या नॅनो कणांपैकी गाठीत पोहोचले ते मध्यमानाने ०.७ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही. बाकीच्यांतले बरेचसे कण यकृत आणि प्लीहा गाळून घेतात, कारण रक्तातला कचरा उचलणं हे त्यांचं रोजचं कामच आहे.

मग उपयोग काय? उपयोग असा की औषध गाठीत किती गेलं यापेक्षा ते हृदयात किती गेलं नाही, यावर पेशंटचं पुष्कळ काही अवलंबून असतं. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये दोन्ही लाल औषधांची तुलना झाली आहे. कॅन्सर रोखण्यात दोन्ही साधारण बरोबरीची ठरली, हृदयाला इजा मात्र लायपोसोमवाल्यात बरीच कमी झाली. ज्यांचं हृदय आधीच कमजोर आहे, किंवा ज्यांना साध्या औषधाचा मोठा डोस पूर्वी होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. तरुण, धडधाकट पेशंटला साधंच औषध दिलं तर त्याच्यावर अन्याय झाला असं समजू नका. बरं होण्याच्या आशेने दिल्या जाणाऱ्या कित्येक उपचारांत साधं औषधच पहिल्या पसंतीचं आहे.

मला शुगर आहे. तरी ग्लुकोजची बाटली का लावता?

खिडकीवर यावरून आवाज चढलेले मी ऐकले आहेत, आणि विचारणाऱ्यांची शंका रास्त आहे. लायपोसोमचं लाल औषध मिठाच्या सलाईनमध्ये मिसळायचं नसतं, पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं असतं. कंपनीने त्या द्रावातच फुगे टिकतात हे तपासलेलं असतं. २५० मिलीलीटरच्या बाटलीत साडेबारा ग्रॅम साखर जाते, म्हणजे साधारण तीन लहान चमचे. तुमची शुगर तपासून, गरज पडली तर औषध देऊन हे सांभाळता येतं. फक्त शुगर असल्याचं आधी सांगा.

बाटली सुरुवातीला फार हळू सोडतात, तेही मुद्दाम. पहिल्या वेळी काहींना चेहरा लाल होणं, छातीत आवळल्यासारखं वाटणं, कंबर दुखणं असा त्रास काही मिनिटांत होतो. असं वाटलं तर लगेच सिस्टरला हाक मारा. बाटली थांबवली की बहुतेकांना बरं वाटतं. "गाडी चुकेल, जरा जोरात सोडा" असं कुणी म्हणू नये. पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी लालसर झाली तर ते औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे.

हातापायांची कातडी का सोलते?

हा लायपोसोमच्या लाल औषधाचा खास त्रास आहे. फुगे बराच काळ रक्तात फिरतात, तेव्हा तळहात-तळपायांत जिथं दाब आणि उष्णता जास्त, तिथं ते थोडे झिरपतात. आधी मुंग्या, मग लाली, मग जळजळ, आणि दुर्लक्ष केलं तर कातडी फाटते.

विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एक अक्का माझ्याकडे यायच्या. अंडाशयाच्या कॅन्सरचे उपचार चालू होते. दुसऱ्या केमोनंतर खिडकीतून दोन्ही हात आत सरकवून त्यांनी मला बोटं दाखवली. अंगठा आणि तर्जनी, म्हणजे पान वळायची बोटं, टोकाला लालभडक आणि चिरा पडलेली. बाकीची बोटं बरी होती. "काय ओ ताई, औषध माझ्या विडीवरच राग काढतंय की" असं म्हणाल्या. त्यांनी केमोच्या दुसऱ्याच दिवशी विड्या वळायचं सूप मांडीवर घेतलं होतं, हजार विड्यांचा हिशोब द्यायचा होता म्हणून. चूक त्यांची नव्हती. त्यांना काय काम करता हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी पुढचा डोस लांबवला आणि कमी केला, बोटं भरून आली. त्या दिवसापासून मी प्रत्येकीला पहिल्याच भेटीत विचारते की हाताने काय काम करता.

केमोनंतरचे पहिले चार-पाच दिवस सगळ्यात महत्त्वाचे. गरम पाण्यात हात घालून भांडी घासू नका. भाकरी थापणं आणि तव्यावर हाताने उलटणं दुसऱ्या कुणाकडे द्या. घट्ट चप्पल, घट्ट बांगड्या, लांब पायी चालणं टाळा, उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नका. आंघोळ कोमट पाण्याने. साधं, वास नसलेलं मलम किंवा खोबरेल हलक्या हाताने लावा, चोळू नका. लाली दिसली की पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा, कारण डोस वेळेवर कमी केला तर उपचार थांबवावे लागत नाहीत.

दुधासारखं पांढरं औषध कोणतं?

ते अल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल. अल्ब्युमिन म्हणजे आपल्या रक्तातलंच प्रथिन. मूळ पॅक्लिटॅक्सेल पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं. औषध फार गुणाचं, पण पाण्यात विरघळतच नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात विरघळवून देतात आणि त्या द्रावकाची काहींना जोरदार अ‍ॅलर्जी येते. त्यासाठी आधी स्टेरॉइड द्यायचं, मग तीन तास हळूहळू बाटली चालवायची. हे औषध अल्ब्युमिनच्या साधारण १३० नॅनोमीटरच्या कणांत बांधलं आणि तेलाची गरजच संपली. अमेरिकेत २००५ मध्ये त्याला परवानगी मिळाली. ते अर्ध्या तासात देऊन होतं.

तयार करताना त्याला घाई अजिबात चालत नाही. व्हायलच्या भिंतीवरून सलाईन हळूहळू सोडायचं, निदान एक मिनिट. मग पाच मिनिटं तसंच ठेवायचं, पावडर भिजू द्यायची. नंतर हलकेच फिरवायचं, खळखळून हलवलं तर फेस होतो. त्या पाच मिनिटांत खिडकीबाहेरून "अजून झालं नाही का?" असं ऐकू येतं. तेव्हा मी काही करत नसते असं दिसतं, पण ते वाट पाहणं हाच औषध बनवण्याचा भाग आहे.

तेल नाही म्हणून त्रासही नाही, असं मात्र नाही. हातापायांना मुंग्या येणं, बधिरपणा हे या औषधातही होतं आणि काही अभ्यासांत साध्या पॅक्लिटॅक्सेलपेक्षा जास्त दिसलं आहे. शर्टाचं बटण लावता येईना किंवा पायातली चप्पल निसटलेली कळेना, तर सांगायला लाजू नका.

नॅनो औषधाने आयुष्य किती वाढतं?

आकडे सांगते, कारण माणसं घर गहाण ठेवून येतात आणि त्यांना आकडे माहीत असायलाच हवेत. पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये एकट्या जेमसिटाबिन या केमोच्या औषधावर मध्यमान आयुष्य ६.७ महिने होतं, अल्ब्युमिनचं पॅक्लिटॅक्सेल जोडल्यावर ८.५ महिने झालं. हा अभ्यास २०१३ चा. वयस्क माणसांच्या एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये दोन औषधं एकाच लायपोसोममध्ये ठराविक प्रमाणात भरून दिली, तेव्हा साधारण सहा महिन्यांचे साडेनऊ महिने झाले. त्या औषधाला २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

मध्यमान म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले आणि निम्मे कमी. तुमच्या वडिलांचा आकडा त्यात लिहिलेला नसतो. ही वाढ खरी आहे, कुणासाठी ती नातवाच्या बारशापर्यंतची असते. पण व्हिडिओत सांगतात तसा मुळापासून नायनाट ती नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: या औषधाने बरं होण्याची शक्यता वाढते, दिवस वाढतात, की त्रास कमी होतो? तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

कॅन्सर ओळखण्यासाठी नॅनोचा काय उपयोग होतो?

तुमच्या घरात तो कदाचित येऊन गेला आहे. मेडिकलमधून आणलेल्या गरोदरपणाच्या चाचणीच्या पट्टीवर जी गुलाबी रेघ उमटते, ती बहुतेक पट्ट्यांत सोन्याच्या नॅनो कणांची असते. सोनं इतकं बारीक झालं की पिवळं राहत नाही, लाल दिसतं. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्येच हे नोंदवून ठेवलं होतं. अशाच पट्ट्यांवर कॅन्सरच्या खुणा ओळखण्याचं काम अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.

रोजच्या वापरातलं एक उदाहरण स्तनाच्या ऑपरेशनमधलं. पूर्वी काखेतल्या सगळ्या लसिका गाठी (या कॅन्सरच्या नव्हेत, प्रत्येकाच्या शरीरात असतात) सरसकट काढत, मग कित्येक बायकांचा हात जन्मभर सुजलेला राही. आता स्तनातल्या गाठीच्या आसपास अतिसूक्ष्म किरणोत्सारी कण टोचतात. ते कण लसिकेच्या वाटेने जाऊन काखेतल्या पहिल्या गाठीत अडकतात. यंत्राने ती नेमकी शोधायची, काढायची, तपासायची. ती स्वच्छ निघाली तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. काही ठिकाणी याच कामासाठी लोहाचे चुंबकीय कण वापरतात, म्हणजे किरणोत्सारी पदार्थाची गरज उरत नाही.

क्वांटम डॉट नावाचे चमकणारे कणही ऐकले असतील, २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांच्या शोधाला मिळालं. प्रयोगशाळेत पेशी रंगवायला ते फार उपयोगी आहेत. त्यांतल्या अनेकांत कॅडमियम असतं, म्हणून माणसाच्या शरीरात सोडताना हात आखडता घ्यावा लागतो.

रक्ताच्या थेंबात कुठलाही कॅन्सर कळतो, अशी नॅनो टेस्ट असते का?

कुठलाही कॅन्सर एका थेंबात पक्का सांगणारी तपासणी आज नाही. खरं काय आहे ते सांगते. गाठीतून सुटलेल्या थोड्या पेशी रक्तात फिरतात. प्रतिपिंड (अँटिबॉडी) लावलेले चुंबकीय नॅनो कण त्यांना चिकटवायचे आणि चुंबकाने त्या बाजूला ओढून मोजायच्या, अशी एक तपासणी २००४ पासून अमेरिकेत मान्य आहे. साडेसात मिलीलीटर रक्तात अशा पाच किंवा जास्त पेशी सापडल्या, तर पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये ते जास्त काळजीचं लक्षण मानतात. कोट्यवधी पेशींतून पाच पेशी वेचायच्या, ही कमालच आहे. पण ही तपासणी ज्याचा कॅन्सर आधीच माहीत आहे त्याच्यासाठी आहे. कॅन्सरचं निदान आजही बायोप्सीनेच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासूनच पक्कं होतं, आणि बायोप्सीने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढून टाका.

सोन्याचे कण तापवून गाठ जाळतात म्हणे?

अमेरिकेत प्रोस्टेटच्या काही पेशंटवर सोन्याचा मुलामा दिलेले कण आणि लेझर वापरून असे प्रयोग झाले आहेत, पहिले निष्कर्ष २०१९ मध्ये आले. जर्मनीत लोहाचे कण मेंदूच्या गाठीत टोचून चुंबकीय क्षेत्राने तापवण्याच्या पद्धतीला २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली होती. रोजच्या उपचारात ते अजून आलेलं नाही.

मग सुवर्णभस्म म्हणजे आपलं जुनं नॅनोच की. ते घेतलं तर?

सूक्ष्मदर्शकाखाली काही भस्मांत नॅनो आकाराचे कण दिसले आहेत, हे खरं आहे. पूर्वीच्या वैद्यांनी धातू इतका बारीक करण्याची पद्धत शोधली, त्याचा मला आदर आहे. पण कण लहान असणं वेगळं आणि त्याने कॅन्सर बरा होणं वेगळं. दुसरी गोष्ट अजून सिद्ध झालेली नाही. केमो चालू असताना यकृत आणि मूत्रपिंडं आधीच ओझ्याखाली असतात, धातूची औषधं त्यात भर घालू शकतात. कुणी घेत असाल तर लपवू नका. कोणीही रागावणार नाही, रिपोर्ट बिघडल्याचं कारण तरी आम्हाला कळेल.

कॅन्सरवर नॅनो लस येणार आहे का?

एक येऊ घातली आहे आणि एक आलेलीही आहे, तिच्याकडेच लक्ष कमी जातं.

येऊ घातलेली लस अशी: पेशंटच्या गाठीतले बदल वाचून फक्त त्याच्यासाठी एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) बनवायचं आणि ते चरबीच्या नॅनो कणांत गुंडाळून टोचायचं. कोविडच्या काही परदेशी लसी याच पद्धतीच्या होत्या. आपण इथं बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन तशा नव्हत्या. त्वचेच्या मेलानोमा या कॅन्सरमध्ये १५७ पेशंटच्या अभ्यासात इम्युनोथेरपीला (शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या औषधाला) या लसीची जोड दिल्यावर कॅन्सर उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. आशा वाटावी असंच आहे, मोठे अभ्यास चालू आहेत.

आलेली लस म्हणजे एचपीव्हीची. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, तो मुळातच ५०-६० नॅनोमीटरचा. हा संबंध शोधल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. लसीत त्या विषाणूचं नुसतं बाहेरचं कवच असतं. त्याचं प्रथिन यीस्टमध्ये बनवतात आणि ते आपोआप एकमेकांत बसून तेवढ्याच आकाराचा पोकळ चेंडू तयार होतो. आत काहीच नाही, त्यामुळे त्यातून संसर्ग होऊच शकत नाही. शरीर मात्र त्या कवचाची ओळख पक्की लक्षात ठेवतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली 'सर्वाव्हॅक' ही भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ९ ते १४ वयाच्या मुलींना दोन डोस पुरतात.

आणि याच्याशी आपल्या जिल्ह्याचं नातं किती जवळचं आहे! बार्शीत १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत माणसं घरोघर फिरून नोंदी करू लागली. मग बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायकांवर तपासणीचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आला: एचपीव्हीची तपासणी एकदाच केली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. जगभरातल्या डॉक्टरांनी ज्याचा दाखला दिला, तो अभ्यास आपल्या शेजारणी-पाजारणींच्या भरवशावर उभा आहे. त्यांनी लाज बाजूला ठेवून टेबलावर झोपायची तयारी दाखवली. म्हणून कुणी मावशी माझ्याकडे "नॅनो इलाज कधी येणार?" असं विचारते, तेव्हा मी उलट विचारते की मावशी, तुमची तपासणी झालीय का, आणि नातीची लस?

हे कण शरीरात साठून राहतात का?

लायपोसोमची चरबी आणि अल्ब्युमिन शरीर पचवून टाकतं. धातूच्या कणांचं तसं नाही. साधारण सहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण लघवीवाटे जाऊ शकतात, मोठे कण यकृतात आणि प्लीहेत महिनोन्‌महिने राहू शकतात. म्हणूनच धातूची नॅनो औषधं इतक्या सावकाश पुढे सरकतात. भारतात २०१९ मध्ये नॅनो औषधं तपासण्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मूळ औषध माहितीचं असलं तरी त्याचं नॅनो रूप नव्याने तपासायला सांगितलं आहे.

खर्च? योजनेत बसतं का?

साध्या औषधापेक्षा नॅनो औषध बरंच महाग असतं, भारतीय कंपन्यांच्या औषधांमुळे फरक कमी झालाय एवढंच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण कोणत्या कॅन्सरला कोणतं औषध हे पॅकेजमध्ये ठरलेलं असतं. आपलं औषध बसतं का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला केमो सुरू होण्याआधी विचारा. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट बरोबर ठेवा. बसत नसेल तर डॉक्टरांना विचारा, "साधं औषध दिलं तर माझं नेमकं काय नुकसान?" पुष्कळदा उत्तर "फारसं नाही" असं येतं आणि दागिने मोडायची वेळ टळते.

औषध पुण्याहून स्वस्त मिळालं तर आम्ही आणलेलं चालेल का?

एका मे महिन्यात एक काका पुण्याहून लायपोसोमच्या दोन व्हायल घेऊन आले. कॅरीबॅगमध्ये बिलात गुंडाळलेल्या, एसटीच्या सीटखाली, बाहेर ४३ अंश. दुकानदाराने बर्फ दिला नव्हता की काही सांगितलं नव्हतं. मी व्हायल हातात घेतली तर चहाच्या कपासारखी कोमट लागली. ती मी वापरू शकले नाही. काका खिडकीसमोरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले, दोन हजार वाचवायला गेले आणि सगळंच गेलं.

हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि गोठूही द्यायचं नसतं. आणायचंच असेल तर थर्मासच्या डब्यात आइस-पॅक ठेवा, व्हायल बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये कापडाची घडी घाला. हुतात्मा एक्सप्रेसने येत असाल तर डबा मांडीवर ठेवा, वरच्या रॅकवर नको. बिलावर बॅच नंबर आणि मुदत लिहून घ्या. निघण्याआधी आम्हाला फोन केलात तर सगळ्यात चांगलं.

"नॅनो उपचाराची ट्रायल, फक्त अमुक लाखात" अशी जाहिरात आली आहे. जावं का?

खऱ्या ट्रायलमध्ये तपासणीच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. भारतात होणाऱ्या ट्रायलची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या सरकारी संकेतस्थळावर नोंद करणं २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती यादी कुणालाही फुकट पाहता येते. तुम्हाला कळेल अशा भाषेत संमतीपत्र मिळायला हवं, मराठी येत नसेल तर तेलुगूत किंवा कन्नडमध्ये. केव्हाही बाहेर पडायचा हक्क हवा, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळण्याचा २०१९ चा नियम आहे. यातलं एकही नसेल आणि वर "चालू केमो बंद करा" असं सांगत असतील, तर पैसे भरण्याआधी एकदा फाइल घेऊन या.

येताना बायोप्सीचा रिपोर्ट, आधीच्या केमोचे कागद आणि जाहिरातीचा फोटो आणा. दुपारी तीननंतर खिडकीवर गर्दी कमी असते.